थॉर्नबेक आडनावाची बाई

"चष्मा वर राहिलाय गं. तूच भर. मी खाली सही करते," असं म्हणून मिस थॉर्नबेकनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

एकोणीसशे एकोणऐंशीचा मार्च, रविवारची दुपार. ब्रिस्टलमधल्या आमच्या घरमालकीण मिसेस गॅननच्या घरातलं सामाईक स्वयंपाकघर. एका शेगडीवर मिस थॉर्नबेकचं खारवलेल्या माशाचं कालवण रटरटत होतं, दुसरीवर माझी डाळ. दोन्हींचा मिळून असा काही वास सुटायचा की मिसेस गॅनन जिन्यावरूनच नाक धरून मागे फिरायची. त्यामुळे रविवारी ते स्वयंपाकघर आमच्या दोघींच्या मालकीचं असे.

मी पेन घेतलं. नाव, इव्हाडनी थॉर्नबेक. वय, सदुसष्ट. जन्म, जमैका. व्यवसाय, रुग्णालयात नर्स, आता निवृत्त. या शहरात वास्तव्य, सव्वीस वर्षं.

"लग्न?" मी मुद्दाम विचारलं.

"लिही, विचार चालू आहे."

"सदुसष्टाव्या वर्षी?"

"घाईने केलेली कामं बिघडतात, पोरी."

दोघी हसलो. त्या उठून कालवणाचं मीठ बघायला गेल्या. फॉर्मवर शेवटचा एक रकाना उरला होता. 'संस्थापकांशी नातं असल्यास लिहावे.' मी त्यांच्या पाठीकडे पाहिलं, पळी तोंडाशी नेताना त्या फुंकर घालत होत्या. मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात त्या रकान्यात लिहिलं, 'नातलग'.

"झालं का?"

"झालं," मी म्हटलं, आणि त्यांनी न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास होता म्हणून.

तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. माझे यजमान, यशवंत बोरगावकर, विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात फिटर होते. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी बूट घालता घालता खुर्चीतच गेले. मूलबाळ नव्हतं. सोलापूरला परत जावं तर तिथे माझी वाट बघणारं कुणी राहिलं नव्हतं. शहरात पंधरा-वीस मराठी घरं होती, त्यांचं मंडळही होतं. या शहरात आलो त्या पहिल्या वर्षी, यजमान असताना, मी हळदीकुंकवाला गेले होते. "बोरगावकर म्हणजे कुठले हो? मूळ आडनाव काय? कुलदैवत कोणतं?" वाण हातात देता देता एका बाईने विचारलं. मी काहीतरी ठोकून दिलं. पुढच्या वर्षी गेले नाही, त्याच्या पुढच्या वर्षी बोलावणंच आलं नाही. एखाद्या शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपण एक शब्दही बोललेलो नाही हे ध्यानात यायचं, मग मी स्वतःशीच मोठ्याने दोन वाक्यं बोलून बघायची, आवाज आहे की गेला म्हणून.

अशात मिस थॉर्नबेक भेटल्या. जिन्यात माझी पिशवी फुटली आणि तांदूळ सांडले, तेव्हा त्या खाली बसून माझ्याबरोबर एकेक दाणा वेचू लागल्या. "माझी आजीसुद्धा टाकू द्यायची नाही," म्हणाल्या. त्या दिवसापासून मी रविवारची वाट बघू लागले. त्या मला पोरी म्हणायच्या. तसं म्हणणारं दुसरं कुणी तेव्हा जगात नव्हतं, हे आज सांगायला मला लाज वाटत नाही.

आणि आता मिसेस गॅननने घर विकायला काढलं होतं. मे अखेर सगळ्यांनी जागा सोडायची. मला कुठेतरी एक खोली मिळाली असती. पण मिस थॉर्नबेकचे गुडघे गेलेले, पेन्शन तुटपुंजं. त्यांना बर्मिंगहॅमला भाच्याकडे जावं लागणार होतं. "लेस्टर चांगला आहे," त्या म्हणायच्या, "पण त्याच्या घरात मी कपाटासारखी उभी असेन. सगळे वळसा घालून जातील." त्यांना इथेच, स्वतःच्या दाराला स्वतःची कडी असलेली खोली हवी होती. आणि मला त्या इथे हव्या होत्या.

मी नोकरी करत होते ती थॉर्नबेक ट्रस्टच्या कचेरीत. इंग्लंडात जुन्या शहरांमधून आल्म्सहाउस नावाची घरं असतात. कुणी धनिक मरताना पैसा ठेवून जातो, आणि त्यातून गरीब म्हाताऱ्या माणसांना एकेक खोली फुकट मिळते. आमचं आल्म्सहाउस जोसाया थॉर्नबेक नावाच्या व्यापाऱ्याने बांधलेलं. मधोमध फरसबंदी चौक, दोन बाजूंना खोल्यांच्या ओळी, आणि चौकाच्या तोंडाशी आमची कचेरी. मी सोलापुरात लघुलेखन शिकले होते, मिनिटाला एकशेवीस शब्द. सभेत बोललेलं टिपून घ्यायचं आणि त्याचं इतिवृत्त टाइप करायचं, हे माझं मुख्य काम. उरलेल्या वेळात तळघरातल्या पेटीतले जुने कागद बघून त्यांची यादी करायची.

त्या यादीत मी कितीतरी गोष्टी न समजता टाइप केल्या. 'जमैकातील साखरेच्या मळ्यावरील गहाणखत.' 'कर्ज न फेडल्याने मळा ताब्यात.' '१८३६, संस्थापकांच्या नातवास सरकारकडून एकशे बारा डोक्यांची भरपाई, त्यातून पूर्वेकडील ओळ बांधली.' डोकी म्हणजे मला वाटलं, गुरंढोरं असतील. कसल्यातरी साथीत मेली असतील आणि सरकारने नुकसानभरपाई दिली असेल, आपल्याकडे देतात तशी.

त्याच पेटीत मला मूळ ट्रस्टचा दस्तऐवज मिळाला, आणि त्यातलं अकरावं कलम. एरवी खोली मिळायला याच शहरात जन्मलेलं असावं लागे. पण अकराव्या कलमात जोसायाने लिहून ठेवलं होतं की, थॉर्नबेक नावाचं कुणीही गरजू माणूस, ते कुठेही जन्मलेलं असो, दारात आलं तर त्याला इतर सगळ्यांच्या आधी जागा द्यावी. दीडशे वर्षांत ते कलम कुणी वापरलं नव्हतं.

मी धावतच घरी गेले होते. मिस थॉर्नबेकना ते कलम वाचून दाखवलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. "म्हणजे त्याचं नाव अखेर माझ्या काही कामी येणार तर!"

"तुम्ही त्यांच्यापैकीच ना?"

"नाव तेच आहे," त्या म्हणाल्या. मग हसू थांबवून त्यांनी विचारलं, "तिथे नाव पुरे ना? आणखी काही सांगावं लागणार नाही ना?"

"नाव पुरे."

आणि खरोखर पुरे होतं. पण माझं डोकं सोलापूरचं. एक आडनाव म्हणजे एक भावकी, कुठेतरी चार-पाच पिढ्यांमागे चूल एक असणार, मग कुणी दर्यापार गेलं, कुणाचा रंग बदलला. मला उलट त्यांचा हेवा वाटायचा. आपलं आडनाव कमानीवर दगडात कोरलेलं असावं आणि ते कुणीही मोठ्याने वाचावं, याहून मोठं भाग्य ते काय? नुसत्या नावावर कुणी शंका काढलीच, तर नातं लिहिलेलं असलं की कुणी अडवणार नाही, असा माझा हिशेब. म्हणून तो शब्द.

मुलाखत एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी होती. आल्म्सहाउसच्या दिवाणखान्यात लांब टेबलाच्या एका बाजूला अध्यक्ष मिस्टर अ‍ॅव्हरिल आणि चर्चचे रेव्हरंड टिल बसले होते. अ‍ॅव्हरिल सत्तरीचे, पांढऱ्याशुभ्र केसांचे, बोलायला मऊ. कधी कुणावर आवाज चढवला नाही. नाताळात मला दरवर्षी न चुकता फळांचा केक पाठवायचे. भिंतीवर जोसायाचं चित्र, तांबडा कोट, गुबगुबीत हात. कोपऱ्यात छोट्या टेबलाशी वही घेऊन मी.

मिस थॉर्नबेक निळा कोट घालून आल्या. कॉलर इस्त्रीची, हातमोजे घातलेले. मी त्यांच्याकडे बघून हळूच हसले. त्यांनी पापणी लववली.

अ‍ॅव्हरिलनी खुर्ची दिली, प्रवासाची विचारपूस केली, इतक्या वर्षांच्या नर्सिंगबद्दल दोन चांगले शब्द बोलले. मग फॉर्म डोळ्यांपासून जरा लांब धरून ते म्हणाले, "तुम्ही इथे लिहिलंय की तुम्ही संस्थापकांच्या नातलग आहात. हे आमच्यासाठी... जरा अनपेक्षित आहे. आनंदाचंच आहे. कसं नातं ते सांगाल का?"

मिस थॉर्नबेकनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. आपण पाय टाकला तिथे पायरी नव्हती, असं झाल्यावर माणूस जसं बघतं तसं.

"हा शब्द मी लिहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "सही माझी आहे."

"म्हणजे नातं नाही?"

त्या उठून उभ्या राहिल्या. रेव्हरंड टिलनी "बसा, बसा" म्हणून हात केला, तरी त्या बसल्या नाहीत.

"नातं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते. तुमच्या संस्थापकांनी जमैका कधी डोळ्यांनी बघितलं नाही. ते इथे, या शहरात बसून साखरेच्या मळ्यांना कर्जं द्यायचे. एका मळेवाल्याला कर्ज फेडता आलं नाही, तेव्हा मळा यांच्या नावावर झाला. मळ्याबरोबर चरक आला, तांब्याच्या काहिली आल्या, बैल आले, आणि माणसं आली. विकत घेतलेली माणसं. त्यात एक बाई होती. तिला जहाजातून आणलं तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. तिच्या मुलीला बाप्तिस्मा देताना मळ्याच्या मालकाचं आडनाव लावलं. त्या बाईपासून माझ्या आईपर्यंत पाच जणी. हे माझं नातं."

माझी पेन्सिल भराभर चालत होती. सवयीने. हाताला शब्द कळतात, अर्थ मागून येतो. एकशे बारा डोकी माणसांची होती, गुलामी बंद झाली म्हणून भरपाई त्यांच्या मालकाला मिळाली होती, ते मला त्या मिनिटाला कळलं, आणि हात तसाच चालत राहिला.

"आमच्याकडे त्या पाच जणींची नावं आई मुलीला सांगते," मिस थॉर्नबेक म्हणाल्या. "मुलगी मोठी झाली की एकदा, बसवून. कागदावर कुणी ठेवत नाही, कारण कागद तेव्हा आमच्या हातात नसायचे. मला माझ्या आईने सांगितली. मला मुलगी नाही. पण इथे लिहिणारी आहे, तर आज इथे सांगते." त्या माझ्याकडे वळल्या. "लिहून घे, सिंधू."

अ‍ॅव्हरिल खाकरले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि खरं सांगते, ती लाज होती, राग नव्हे. "मिसेस बोरगावकर," ते हळू आवाजात म्हणाले, "हे इतिवृत्तात घ्यायची गरज नाही."

मी पेन्सिल खाली ठेवली.

ती टेबलावरून घरंगळून खाली पडली, मी ती शोधायला वाकले. तेवढ्यात मिस थॉर्नबेकनी नावं घ्यायला सुरुवात केली होती. एकेक नाव आणि तिच्याबद्दल एखादं वाक्य, मध्ये थांबत, हनुवटी जरा वर करून. पाच नावं. समोरच्या दोघांनी ती मान खाली घालून ऐकली. मीही ऐकली, हात मांडीवर ठेवून.

शेवटी रेव्हरंड टिल, जे सभेत सहसा पेंगायचे, ते म्हणाले, "कलमात फक्त नाव म्हटलंय, अ‍ॅव्हरिल. नाव आहे."

"हो," अ‍ॅव्हरिल म्हणाले. "नाव आहेच."

पूर्वेकडच्या ओळीतली नऊ नंबरची खोली मंजूर झाली.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठायला धावले, पण गुडघे दुखत असूनही त्या फाटकाबाहेर पडल्या होत्या. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. मी दोघींपुरता भात केला होता, तो दुसऱ्या दिवशी मीच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी नवीन रहिवासी म्हणून त्यांना इतिवृत्ताच्या वहीत सही करायला कचेरीत यावं लागलं. या वेळी चष्मा होता. मी टाइप केलेलं पान त्यांनी सावकाश वाचलं. 'अर्जदाराने संस्थापकांशी असलेल्या नात्याचा खुलासा केला. समितीचे समाधान झाले. पूर्व ओळ, खोली नऊ, मंजूर.'

"नावं कुठायत?" त्यांनी विचारलं.

"अध्यक्ष म्हणाले की..."

"ते काय म्हणाले ते मी ऐकलं. तू काय केलंस ते विचारते."

"मिस थॉर्नबेक, तुमच्या भल्यासाठीच केलं. ते लिहिलं असतं तर कागद वकिलाकडे गेला असता, खोली अडकली असती. आणि असलं कागदावर कशाला यावं? उद्या कुणीही वही उघडून वाचणार, आणि मग तुमच्याकडे बघणार."

"असलं म्हणजे कसलं?"

मग मी जे आयुष्यात कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. आमचं जुनं आडनाव उच्चारलं की ऐकणाऱ्याला आमची जात कळायची, आणि जात कळली की पुढे केलेला पाण्याचा तांब्या मागे जायचा. माझ्या सासऱ्यांनी यशवंतांना शाळेत घालताना मास्तरांचे पाय धरून दाखल्यावर गावाचं नाव लावून घेतलं, बोरगावकर. जुनं आडनाव घरात कुणी तोंडातून काढायचं नाही, असा सासऱ्यांचा दंडक होता. लग्न होऊन त्या घरात आल्यावर मी पहिली गोष्ट शिकले ती हीच. कागदावरून गेलं की माणूस सुटतो. इतक्या लांब, इंग्लंडात येऊनसुद्धा हळदीकुंकवाला त्या बाईने विचारलं तेव्हा मी खोटंच बोलले होते. मी मिस थॉर्नबेकना म्हटलं, "तुम्हांला तेवढ्यातून सोडवावं, एवढंच मनात होतं. शपथेवर सांगते."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकदा त्यांचा हात माझ्या हाताकडे निघालासुद्धा, पण मध्येच वहीवर थांबला.

"ते जुनं आडनाव तुम्हांला कुणी दिलं होतं?"

"गावाने."

"मग पुसलंत ते बरं केलंत. मलाही माझं आडनाव मळ्याने दिलं. ते मी फॉर्मवर लिहिलं, डोक्यावर छप्पर हवं म्हणून. त्याची मला लाज नाही, छपराचे पैसे आम्ही आधीच भरलेत. पण काल मी सांगितली ती नावं मळ्याने दिलेली नव्हती. ती आम्ही आमच्या पोरींना ठेवली होती. तेवढंच आमचं होतं, आणि ते तू लपवण्यासारखं समजलीस."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. आयुष्य वॉर्डात काढलेली बाई, रडणाऱ्या माणसापाशी कसं थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं. माझा आवाज थांबल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"पेन द्या, मिसेस बोरगावकर," त्या म्हणाल्या.

त्या नऊ नंबरमध्ये अकरा वर्षं राहिल्या. कचेरीच्या खिडकीतून त्यांचं दार दिसायचं. उन्हाळ्यात दाराशी कुंडीत मिरच्या लावायच्या, शेजारच्या म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायच्या, सगळ्यांशी हसून बोलायच्या. माझ्याशीही. "गुड मॉर्निंग, मिसेस बोरगावकर. आज गारठा आहे." कधी एक शब्द कमी नाही की जास्त नाही. पोरी ही हाक त्यानंतर मी ऐकली नाही. ज्या बाईला जवळ ठेवण्यासाठी मी तो एवढा खटाटोप केला, ती माझ्यापासून चाळीस पावलांवर राहत होती आणि मी माझ्या खोलीत जाऊन पुन्हा स्वतःशीच मोठ्याने बोलून बघायला लागले होते.

दुसऱ्या वर्षी एकदा मी धीर करून वही घेऊन त्यांच्या दाराशी गेले. म्हटलं, "ती नावं पुन्हा सांगाल? मी लिहून घेते. माझ्या हाताने वहीत चिकटवते, मग नोकरी गेली तरी जाऊ दे."

"मी सांगितली आहेत," त्या म्हणाल्या. दार हळूच लावलं, आपटलं नाही.

नव्वद सालच्या नोव्हेंबरात त्या झोपेत गेल्या. सामान न्यायला बर्मिंगहॅमहून लेस्टर आला. उंच, शांत माणूस, बस चालवायचा. दोन पेट्या आणि मिरच्यांच्या कुंड्या व्हॅनमध्ये ठेवून झाल्यावर तो कचेरीत आला आणि टोपी काढून उभा राहिला.

"मिसेस बोरगावकर तुम्हीच ना? मला मुलगी झालीय. तीन महिन्यांची आहे. आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, पोरगी मोठी झाली की तिला आपल्या बायकांची नावं सांगायला हवीत. आमच्यात ती पुरुषांना सांगत नाहीत. मी म्हटलं, मग मला सांग, मी तिला सांगेन. तर म्हणाली, मी एकदा सांगितलीत, कचेरीतल्या मिसेस बोरगावकरांना. वहीत नाहीत, पण त्यांना ठाऊक आहेत. त्यांच्याकडून घे."

अकरा वर्षं गुड मॉर्निंग म्हणत त्यांनी ते माझ्याकडे ठेव म्हणून ठेवलं होतं आणि मला पत्ता नव्हता. त्यांना खात्री होती की मिनिटाला एकशेवीस शब्द पकडणाऱ्या बाईने पाच नावं धरून ठेवली असतील.

लेस्टरने खिशातून छोटी वही काढली. मी डोळे मिटले आणि तो दिवाणखाना आठवला. सगळं आठवलं. अ‍ॅव्हरिलचं खाकरणं, निळा कोट, हातमोज्याच्या बोटाला घातलेला टाका, वर झालेली हनुवटी. मी बोलायला लागले. शेवटून वर गेले.

"रूथ. ही तुमच्या आत्याची आई."

"हो, माझी आजी," तो म्हणाला आणि लिहू लागला.

"तिची आई अडाइना. तिची आई क्लॅरिंडा, ती दोन वर्षांची असताना गुलामी सुटली. क्लॅरिंडाची आई फिबा, आडनाव तिला लावलं."

त्याने चारही नावं नीट, मोठ्या अक्षरांत लिहिली. मग वर बघितलं.

"आणि फिबाची आई? जहाजातून आलेली?"

तिचं नाव दोन अक्षरी होतं की तीन, तेही मला सांगता येईना. ते नाव घेतलं गेलं तेव्हा मी टेबलाखाली वाकून पेन्सिल शोधत होते. आवाज कानावर पडला होता, एवढं आठवतं. परक्या भाषेतलं होतं, मऊसं, शेवटी स्वर होता. मी ओठ हलवून बघितले. दोन-तीनदा काहीतरी जिभेवर आलंसं वाटलं, पण ते सोलापूरच्याच कुणाचं तरी नाव निघालं.

"घाई नाही," लेस्टर म्हणाला. मग त्याने वहीत चार नावांच्या वर एक ओळ मोकळी सोडली, दुसरं पान फाडलं आणि त्यावर घरचा पत्ता लिहून माझ्यापुढे ठेवला. "आठवलं की कळवा. पत्र टाका, नाहीतर फोन करा. केव्हाही."

त्याची मुलगी आता चौतीस वर्षांची असेल. मी अजून कळवलेलं नाही.